वाळ्याच्या पडद्यामागची निळी भिंत

आमच्या थर्मल कॅमेऱ्यासोबत एक माहितीपुस्तक आलं होतं. ते कुठल्यातरी थंड देशात लिहिलेलं असणार, कारण त्यातली सगळी घरं बर्फात उभी होती. खिडक्यांच्या कडांमधून, छपराच्या फटींमधून लाल-पिवळी ऊब बाहेर सांडताना दिसायची आणि खाली लिहिलेलं असायचं की ही ऊब वाया जाते आहे, ती अडवा. दुबईत हे पुस्तक उलटं वाचावं लागायचं. इथे घराची ऊब कोणी चोरून नेली तर लोक त्याला बसवून चहा पाजतील. इथे निसटतो तो गारवा. पडद्यावर गार ते निळं दिसतं आणि गरम ते लाल-पिवळं. बाहेरचा लाल कुठून आत घुसतो आणि आतला निळा कुठे वाया जातो ते शोधायचं, फोटो काढायचे आणि ज्याने पैसे दिले त्याला अहवाल द्यायचा, हे आमचं काम.

'ज्याने पैसे दिले त्याला' या शब्दांवर मी पहिल्याच आठवड्यात अडखळले.

अबूधाबीजवळच्या मुसफ्फाला एका वर्कशॉपचा सर्वे होता. मालकाला ऑफिसचा मजला आणि मालाचं कोठार तपासून हवं होतं. ते झालं. निघता निघता मी कॅमेरा मागच्या अंगाला वळवला. तिकडे कामगारांच्या खोल्या होत्या, पत्र्याच्या छपराच्या. पडदा पिवळाधमक झाला आणि छपराची रेघ तर पांढरी. आमच्या रंगपट्टीत पांढऱ्याच्या वर काही नाही. मी म्हटलं, "सर, हे अहवालात घालू या."

सर म्हणजे आमचे सिनियर. वसईचे, याच देशात केस पिकलेले, गाडीच्या आरशाला जपमाळ अडकवलेले. त्यांनी पडदा बघितला आणि हळूच कॅमेऱ्याला झाकण लावलं.

"कॉम्रेड बाई, सर्वे स्टोअरचा आहे. हे स्कोपमध्ये नाही."

"माणसं स्कोपमध्ये नाहीत?"

"यल्ला, गाडीत बसा. एसी लावतो, डोकं थंड होईल."

तो फोटो अहवालात गेला नाही. मी तो माझ्याकडे ठेवला. 'कॉम्रेड बाई' हे नाव मात्र मला त्या दिवसापासून चिकटलं. आवडलंही. मी वाढलेच होते पत्रकांवर.

अकोल्याला आमच्या घरात सोफा नव्हता. पत्रकांचे गठ्ठे होते आणि त्यांच्यावर सतरंजी. आलागेला त्यावरच बसायचा. बाबा हमालांसाठी, कापसाच्या जिनिंगमधल्या कामगारांसाठी, विडी वळणाऱ्या बायांसाठी पत्रकं काढायचे. ते लिहायचे, आई चुका काढायची आणि मी घड्या घालायचे. आधी आडवी घडी, मग उभी, मग नखाने कड दाबायची. माझ्या वयाची मुलं 'कमळ' गिरवत होती तेव्हा मला 'जाहीर निषेध' वाचता यायचं. उन्हाळ्यात हे सगळं मधल्या खोलीत चालायचं, कारण त्या खोलीच्या पश्चिमेच्या खिडकीला वाळ्याची ताटी होती. दुपारभर कोणीतरी उठून तिच्यावर मगाने पाणी मारायचं आणि बाहेरची झळ आत येईपर्यंत गार वारा होऊन जायची. शाई, ओला वाळा आणि आईने चिरलेलं टरबूज, हा माझ्या लहानपणाचा वास. पुढे कूलर आला. त्याच्या तिन्ही बाजूंनाही वाळाच लावला होता, आणि कूलर चालू असताना कोणी खिडकी बंद केली तर आई स्वयंपाकघरातून ओरडायची, "खिडकी उघड वं, कोंदट होऊन राह्यलं!" हवेला जायला वाट नसेल तर कूलर नुसता दमट वाफ सोडतो. वऱ्हाडातल्या शेंबड्या पोरालाही हे माहीत असतं.

एकदा बाबांच्या पत्रकात छापून गेलं की अमुक जिनिंगमध्ये कामगारांना प्यायच्या पाण्याची सोय नाही. अर्धी पत्रकं वाटून झाली आणि मग कळलं, तिथे टाकी आहे, तिचा नळ तेवढा मोडला आहे. सोबतचे म्हणाले, जाऊ द्या, पाणी मिळत नाही हे तर खरं आहे ना? बाबांनी उरलेले गठ्ठे घरी आणले. आई आणि मी एकेका पत्रकावर 'सोय नाही' खोडून वर 'नळ मोडका' लिहीत बसलो. बोटांना मुंग्या आल्या. मी चिडून विचारलं, "नळ मोडका वाचून कोण पेटून उठणार?"

बाबा म्हणाले, "मालक टाकी दाखवन अन् आपण खोटे पडू. मोडका नळ त्याले लपवता येत नाही."

दुबईची नोकरी लागली तेव्हा त्यांनी फोनवर विचारलं, "कॅमेरा कोणाचा?" मी म्हटलं, कंपनीचा. "अन् फोटो कोणाले दाखवता?" मी सांगितलं. "बरं," म्हणाले. त्यांचं ते 'बरं' मला पुष्कळ दिवस पुरलं.

तर दुबईतल्या अल मनखूल भागातली ती इमारत. जुनी, पण मजबूत. गच्चीवरच्या मोठ्या यंत्रात पाणी गार होतं आणि पाइपांतून प्रत्येक घराच्या एसीत फिरतं. त्या गारव्याचं बिल मालक भरतो. अशा घरांना इथे 'चिलर फ्री' म्हणतात आणि अशी घरं मिळालेली कुटुंबं ती सहसा सोडत नाहीत. मालकाचं बिल दर उन्हाळ्यात फुगत होतं, म्हणून आम्हाला बोलावलं होतं. इमारतीची व्यवस्था बघणाऱ्या ऑफिसचा माणूस आमच्यासोबत लिफ्टमध्ये चढला. इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन फोन.

"मॅडम, ज्यादा टाइम वेस्ट मत करो," तो म्हणाला. "चौथा माला देख लो. खिडकी खुली, एसी चालू. दीवार पूरी काली कर दी है. रिपोर्ट में डाल दो, फ्लॅट खाली करवा लेंगे."

माझे कान तापले. म्हणजे निकाल लागलेला होता, आम्ही फक्त चित्रं पुरवायची. मी काही बोलणार तेवढ्यात सर म्हणाले, "इन्शाल्ला, देखते हैं," आणि लिफ्टचं दार उघडलं.

चौथ्या मजल्यावर घंटी वाजवली. दार उघडलं आणि माझी पावलं उंबऱ्यावरच थांबली. शाई नव्हती, टरबूज नव्हतं, पण तिसरा वास तोच.

गाउनवर ओढणी घेतलेल्या एक काकू हिंदीत म्हणत होत्या, "आइए, आइए, जूते रहने दो." मी भान न राहून मराठीतच विचारलं, "काकू, वाळा कुठे लावलाय?"

त्या बघतच राहिल्या. "कुठची वं तू?"

"अकोल्याची. जुन्या शहरातली."

"बाप्पा! अन् मी बाळापूरची!" त्यांनी मला हाताला धरून आत ओढलं. "अहो, पाह्यलं का, एसीवाली आपल्याकडची निघाली!"

आतून काका आले. ते एका कंपनीत स्टोअर सांभाळायचे, त्या दिवशी सुट्टीवर होते. मला आणि सरांना नमस्कार करून ते ऑफिसच्या माणसाकडे न बघता म्हणाले, "वाळा पाह्यचा असन तं चला. याच घरात दुबईतल्या दुबईत बाळापूर आहे. मी मधात सापडलो."

मधल्या खोलीच्या खिडकीला आतून वाळ्याचा पडदा टांगला होता. नागपूरहून चादरीत गुंडाळून विमानातून आणलेला. खिडकी वीतभर उघडी. वरच्या जाळीतून एसीचा गार झोत येत होता. आणि खिडकीशेजारच्या भिंतीवर माणसाच्या उंचीची काळी बुरशी चढली होती, रंगाचे पापुद्रे सुटले होते.

"देखो," ऑफिसचा माणूस म्हणाला. "मैंने बोला था ना?"

"भाऊ, खिडकी लावली तं वारा कुठून येईन?" काकू त्याला मराठीतच म्हणाल्या. "वाळा असो का कूलर, खिडकी थोडीशी उघडी पाह्यजेच. नाही तं कोंदट होते." मग माझ्याकडे वळून, "खरं का नाही वं? सांग त्याले."

खरंच होतं. अकोल्यात शंभर टक्के खरं होतं. मी मान हलवली आणि कॅमेरा काढला, म्हणजे तोंड उघडावं लागणार नाही.

ऑफिसच्या माणसाचा फोन वाजला आणि तो बोलत बाहेर जिन्यात गेला. काकू लगेच जवळ आल्या. आवाज खाली. "खरं सांग पोरी. हे लोक आम्हाले काढून राह्यले का?"

"कोणी सांगितलं?"

"तोच सांगून गेला. म्हणे तुम्ही घराची नासाडी केली, पुढचा करार होणार नाही." त्यांची मुलगी बारावीला होती. याच घरात ती रांगायला लागली होती. आता या भागात नवीन घर घेणं त्यांच्या आवाक्यात नव्हतं. "घर सुटलं तं आम्ही दोघी बाळापूरले जाऊ अन् हे बेडस्पेसमध्ये राह्यतीन. चारचौघांच्या खोलीत, बंकबेडवर. या वयात."

"मी खालच्या बेडवर झोपीन ना," काका म्हणाले. "वरच्यावर चढलो तं उतरवाले नातूर बोलवा लागन." नातूर म्हणजे इमारतीचा राखणदार. काकू हसल्या नाहीत.

मी भिंतीवर कॅमेरा धरला. सगळी भिंत निळी, ढगांसारखी, कुठे गडद, कुठे फिकी. मला हवं होतं ते मला लगेच दिसलं. "सर, आतून पाणी गळतंय. मालकाचा पाइप आहे मागे."

सरांनी कॅमेरा माझ्या हातातून घेतला. "हे काय आहे सांगू? हा ओल्या भिंतीचा फोटो आहे. ओली भिंत कशानेही गार दिसते. वाळ्याने ओली झाली की पाइपाने, हा फोटो काय बोलतो? काही नाही बोलत."

"पण मागे पाइपांचा शाफ्ट आहे ना!"

"कॉम्रेड बाई, कॅमेरा भिंतीकडे धरा. मालकाकडे नका धरू." मग ते काकूंना म्हणाले, "मॅडम, आठवडाभर हा पडदा उतरवा. खिडकी लावा. एसी चालू ठेवा. भिंत सुकू दे, मग खरं काय ते कळेल."

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मीच त्यांच्या घरातून काहीतरी उचलून नेते आहे. पडदा काकांनी उतरवला. तेवढ्यात मुलगी क्लासवरून आली, गुंडाळी बघून म्हणाली, "फायनली! मम्मा, इट्स जस्ट ग्रास."

"गवत नोहे ते, मुळ्या आहेत," काकू म्हणाल्या. "तुले काय समजते."

"सेम थिंग, मम्मा."

काकूंनी मला जाताना टरबुजाची फोड खायला लावली. वर मीठ टाकून, अगदी तिकडच्यासारखी.

तो आठवडा मला आजही आठवतो. मी रोज दुसऱ्यांची घरं तपासत होते, कुठे दाराखालची फट, कुठे दिव्याच्या खाचेतून येणारी गच्चीची धग, आणि डोक्यात ती एकच भिंत. खोलीवर गेल्यावर मनातल्या मनात पत्रक लिहायचे. 'भाडेकरूंवर खोटा आळ' हा मथळा ठरला होता. पोटमथळाही ठरला होता. फक्त पुरावा यायचा होता.

पुन्हा गेलो तेव्हा भिंत बऱ्यापैकी सुकली होती. खोलीत वाळ्याचा वास नव्हता आणि त्यामुळे ती दुसऱ्याच कोणाची वाटत होती. मी कॅमेरा धरला, आणि या वेळी ढग नव्हते. छतापासून फरशीपर्यंत हाताच्या रुंदीचा एक सरळ निळा पट्टा होता. पट्टीने ओढल्यासारखा. गार पाण्याचा उभा पाइप भिंतीमागून जात होता आणि त्याच्यावरचं वेष्टन सडलं होतं. गारवा घरात यायच्या ऐवजी भिंतीला मिळत होता.

"आता बोला सर!"

"बोलतो," सर म्हणाले. "खिडकी उघडा."

"कशाला?"

"उघडा तर."

मी खिडकी वीतभर उघडली, काकूंच्या मापाची. बाहेरची जाड, ओलसर हवा आत आली. आम्ही उभे राहिलो. काकांनी आणलेला चहा अर्धा झाला नसेल, तोवर त्या पट्ट्यावर बारीक बारीक थेंब धरले. काकूंनी पुढे होऊन बोट फिरवलं. बोट ओलं झालं.

"हे पाणी कुठून आलं?"

मला सांगावं लागलं. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून घाम येतो, तसंच हे. मे महिन्यात बाळापूरची हवा कोरडी ठणठणीत असते, ती वाळ्यातलं पाणी पिते आणि गार होते. इथे समुद्र जवळ, हवा आधीच पाण्याने भरलेली. ती वाळ्यातलं पाणी काय पिणार? ती स्वतःचंच पाणी आणून गार भिंतीवर टाकते. पडद्यावर मारलेलं पाणीही शेवटी भिंतीवरच गेलं.

काकू बोटाकडे बघत म्हणाल्या, "म्हणजे मीच रोज पाणी आणून ओतत होती."

"पाइप सडला नसता तर भिंत एवढी गार झालीच नसती, काकू."

"हो, पण पाणी माहंच."

त्या दिवशी ऑफिसात मी अहवाल लिहायला बसले. निळ्या पट्ट्याचा फोटो घातला, पाइपाचं लिहिलं, आणि खिडकीपाशी येऊन थांबले. खिडकीचं वाक्य लिहिलं तर तो इस्त्रीचा शर्ट बाकी काही वाचणार नव्हता. नाही लिहिलं तर घर वाचत होतं. सरांनी एवढंच म्हटलं होतं, "तुम्ही लिहा, मी सही करतो." माझ्यावर विश्वास होता की परीक्षा, कोण जाणे. मी काकूंना फोन लावला. न सांगता लिहिणं मला बरं वाटेना.

"माह्या खिडकीचं कायले लिहितं?" त्या एकदम म्हणाल्या. "पाइप सापडला ना तुले?"

"काकू, तो आला की खिडकीच दाखवणार."

"तो दाखवीन तं दाखवीन! तू कायले दाखवतं? आपली म्हणून तुले घरात घेतलं मी." फोन बंद झाला.

पत्रकांवर वाढलेल्या माणसाला कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे लहानपणीच ठरवून मिळालेलं असतं. त्या बाजूच्या माणसाने फोन आपटला की काय करायचं, हे पत्रकात नसतं. पण बोटांना आलेल्या मुंग्या आठवत होत्या. 'सोय नाही' खोडून 'नळ मोडका'. टाकी तो दाखवणारच. मग दाखवायला त्याच्याजवळ काही उरणार नाही, असं काय करता येईल?

तेव्हा मला सुचलं. पाइप उभा आहे. चौथ्या मजल्यावर थोडाच संपतो!

दुसऱ्या दिवशी दुपारी सर आणि मी तिसऱ्या मजल्यावर, बरोबर काकूंच्या खालच्या घरात गेलो. तिथे रत्नागिरीकडची माणसं एकत्र राहायची, कोणी क्रेनवर, कोणी हॉटेलात. खिडकीच्या काचांना ऊन अडवायला आतून चकचकीत फॉइल चिकटवलेलं, कडा चिकटपट्टीने बंद. मी कॅमेरा तिकडे धरला तर पडद्यावर एक केशरी भूत हलताना दिसलं. ती मीच होते. चकचकीत वस्तू कॅमेऱ्याला समोरच्याचीच उष्णता परत दाखवते.

"ही खिडकी कधी उघडता?" मी विचारलं.

"उघडायला पट्टी काढायला लागेल ताई," त्यांच्यातले वयस्कर म्हणाले. "आम्ही राहायला आलो तेव्हापासून बंद आहे ती."

शाफ्टच्या भिंतीला लागून मोठं कपाट होतं. सर म्हणाले, "हे सरकवाल का जरा?"

"काय ओ, कपाटातलं बघून हसायचं नाही हां! यल्ला, धरा रे तिकडून."

कपाट करकरत पुढे आलं. मागची भिंत काळी होती. वरच्यापेक्षा कमी, पण तीच बुरशी, तेच पापुद्रे, आणि कॅमेऱ्यात तोच सरळ निळा पट्टा.

मग एकजण म्हणाला, "म्हणजे हा वास याचा होता?"

"कुठला वास?"

सगळे कोपऱ्यातल्या एका दाढीवाल्याकडे बघायला लागले. तो गावाहून येताना नेहमी सुके बांगडे आणायचा. कपाटाजवळ कुबट वास यायला लागला तसं सगळ्यांनी त्यालाच धरलं. त्याची पिशवी आधी गॅलरीत गेली, मग बंदच झाली.

"अरे मी सांगत होतो की नाही?" तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "माझे बांगडे निर्दोष होते! आता मला पहिल्यासारखे आणायला द्यायचे. ताई, हे पण लिहा रिपोर्टमध्ये."

"हे स्कोपमध्ये नाही," मी म्हटलं, आणि सर इतके हसले की त्यांना चष्मा काढून पुसावा लागला.

मी अहवालात सगळं लिहिलं. चौथ्या मजल्यावर खिडकी उघडी असते, ओला पडदा असतो, त्याने ओल वाढली. खाली, तिसऱ्या मजल्यावर खिडकी कायमची बंद आहे, पडदा नाही, तरीही त्याच रेषेत भिंत सडते आहे. दोन्ही फोटो शेजारी शेजारी.

ऑफिसच्या माणसाने अपेक्षेप्रमाणे पहिलंच पान उघडून बोट ठेवलं. "खिडकी लिखा है. बस, यही चाहिए था."

"लिखा है," मी म्हटलं. "आगे भी लिखा है. पन्ना पलटिए."

त्याने पलटलं. फॉइलची खिडकी बघितली, कपाटामागची भिंत बघितली. पुन्हा मागे आला, पुन्हा पुढे गेला. मी बोलण्यासाठी श्वास घेतला होता, माणसांना घराबाहेर काढण्यावर माझ्याकडे एक संपूर्ण भाषण तयार होतं, पण सरांनी टेबलाखालून माझ्या बुटावर बूट ठेवला. आणि फार गोडीत म्हणाले, "भाई, मालिक का बिल इसी पाइप से जा रहा है. हर फ्लोर पे. किराएदार बदलोगे, तो पाइप बदलेगा क्या?"

तो फोन घेऊन बाहेर गेला. परत आला तेव्हा चेहरा वेगळा होता. "खलास," म्हणाला. "पाइप का काम करवाएंगे, ऊपर से नीचे तक. उन लोगों को बोलो, खिडकी बंद, परदा बंद. फिर रह सकते हैं."

मला आनंद झाला आणि रागही आला. काकांच्या बंकबेडसाठी कोणाचं मन हललं नव्हतं. हललं ते बिलासाठी. सरांना मी तसं बोलूनही दाखवलं. ते गाडी सुरू करत म्हणाले, "घर राहिलं ना? मग चिडायचं उद्या." मुसफ्फाचा तो पांढऱ्या छपराचा फोटो मी अजून ठेवला आहे. त्याच्यासाठी अजून कोणाचं बिल फुगलेलं नाही.

चौथ्या मजल्यावर निरोप सांगायला मी एकटीच गेले. काकूंनी दार उघडलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत. मी उभ्याउभ्याच सांगितलं. खिडकीचं लिहिलं, खालच्या घराचंही लिहिलं, पाइप होणार, घर राहणार. आणि अट.

त्या मधल्या खोलीत गेल्या. मी मागोमाग. खिडकी पुन्हा वीतभर उघडी होती, रागाने उघडलेली असावी. त्यांनी ती ओढली, कडी लावली, आणि कडी नीट बसली की नाही ते हलवून बघितलं.

"घे," म्हणाल्या. "झालं माहं बाळापूर बंद."

"बंद झालं, पण जावं तं नाही लागलं," काका दारातून म्हणाले.

मग त्या पलंगावर बसल्या आणि रडल्या, आणि रडता रडता मला म्हणाल्या, "बस ना वं, उभी काहून?"

पाइपाचं काम झालं, भिंतीला नवा रंग लागला. त्या घरी मी अजून जाते, आता कॅमेऱ्याशिवाय. गेल्या मे महिन्यात गेले होते तेव्हा मुलगी कॉलेजात होती, काका कामावर. खोली छान गार होती. आम्ही गप्पा मारत होतो आणि चार वाजायच्या सुमारास काकू बोलता बोलता उठल्या, मोरीतून पाण्याचा मग भरून आणला आणि मधल्या खोलीच्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. समोर बंद काच, कोरा पडदा, कापडाचा. माझी आईही याच वेळेला, हातातली पत्रकं बाजूला ठेवून, अशीच उठायची.

काकू जरा वेळ तशाच थांबल्या. मग वळल्या, माझ्याकडे न बघता गॅलरीत गेल्या आणि सगळा मग कढीपत्त्याच्या कुंडीत ओतून आल्या.